रक्त पातळ करणारी गोळी आणि मूतखड्याचे ऑपरेशन





आपल्या मदतीतून वस्त्यांवरचे जे रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचतात, त्यांत मूतखड्याचे रुग्ण नेहमीच असतात. म्हसवडचा परिसर, म्हणजे सातारा जिल्ह्याचा माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा भाग, हा दुष्काळी पट्टा आहे. दिवसभर उन्हात राबायचे आणि प्यायला पाणी मात्र बाटलीभर. मग लघवी घट्ट होते, तिच्यातील क्षार साचतात आणि खडा धरतो. त्याची कळ ज्याने सोसली त्यालाच ती ठाऊक.

यांतील काही रुग्णांची अडचण दुहेरी असते. ते आधीपासूनच रक्त पातळ करणारी गोळी घेत असतात. कोणाची हृदयाची झडप बदललेली असते, कोणाला ॲंजिओप्लास्टी करून स्टेंट बसवलेला असतो, तर कोणाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला असतो. अशा माणसाच्या किडनीचे ऑपरेशन करायचे म्हटले की घरचे घाबरून विचारतात, "गोळी बंद केली तर हृदयाला धोका, चालू ठेवली तर रक्त जाणार. मग करायचे तरी काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याला उत्तरही आहे. दरवर्षी असे कितीतरी रुग्ण ऑपरेशन होऊन सुखरूप घरी जातात. मात्र हे उत्तर घरी बसून काढायचे नसते. हृदयाचे डॉक्टर आणि किडनीचे डॉक्टर मिळून ते काढतात, आणि त्यांना त्यासाठी पुरेसे दिवस हाती लागतात. मी डॉक्टर नाही. रुग्णांबरोबर दवाखान्यात बसून, डॉक्टरांना विचारून जे समजले, ते आपणांपुढे सोप्या शब्दांत मांडत आहे.

किडनीतून इतके रक्त का जाते?

आपल्या दोन्ही किडन्या मिळून पावशेर-दीड पावशेर वजनाच्या. पण माणूस शांत बसलेला असताना हृदय मिनिटाला जे साधारण पाच लिटर रक्त ढकलते, त्यातील सुमारे एक लिटर एकट्या किडन्यांकडे जाते. म्हणजे शरीरातील जवळजवळ पाचवा हिस्सा रक्त या दोन लहान अवयवांतून सतत फिरत असते. रक्त गाळून स्वच्छ करणे हेच त्यांचे काम असल्यामुळे त्यांची रचना बारीक रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्याची आहे.

मोठा मूतखडा काढण्यासाठी आज दुर्बिणीतून जे ऑपरेशन करतात, त्याला पीसीएनएल म्हणतात. ही पद्धत 1976 साली स्वीडनमध्ये सुरू झाली. त्यापूर्वी कुशीत मोठा छेद घेऊन किडनी उघडावी लागे. आता पाठीच्या बाजूने सुई थेट किडनीत घालतात, ती वाट हळूहळू रुंद करतात, तिच्यातून दुर्बीण आत नेतात आणि खडा फोडून बाहेर काढतात. वाट साधारण एक सेंटिमीटरची असते. काही ठिकाणी याहून बारीक वाटेनेही हे काम होते.

बाहेरून छेद लहान दिसतो, त्यामुळे लोकांना वाटते की ऑपरेशनही लहानच. पण ती वाट रक्ताने भरलेल्या अवयवातून जाते. हाताला कापले तर आपण फडके दाबून धरतो. किडनीच्या आत तसे करता येत नाही. एरवी निरोगी माणसाचे रक्त आपोआप गोठते आणि आतील जखम बंद होते. डॉक्टरांचा बराचसा भरवसा शरीराच्या या गुणावरच असतो, आणि रक्त पातळ करणारी गोळी नेमका तोच गुण कमी करते.

"रक्त पातळ" म्हणजे नेमके काय?

हा शब्द आपल्या बोलण्यात रूढ झाला आहे, पण गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. रक्त गोठण्याचा वेग तेवढा मंदावतो. रक्त गोठते ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे प्लेटलेट नावाच्या अगदी लहान पेशी. जखम झाली की त्या धावून येतात आणि भगदाडाला बूच लावतात. दुसरी म्हणजे यकृतात तयार होणारी काही प्रथिने. ती त्या बुचावर जाळे विणून ते पक्के करतात.

गोळ्याही त्याप्रमाणे दोन जातींच्या आहेत.

पहिल्या जातीच्या गोळ्या प्लेटलेटना थोपवतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही त्यांतील नेहमीची नावे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आणि स्टेंट बसवलेल्यांना या देतात. एकदा ॲस्पिरिन घेतली की ज्या प्लेटलेटवर तिचा परिणाम झाला, ती मरेपर्यंत निकामीच राहते. प्लेटलेटचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे असते. म्हणून आज गोळी बंद केली तरी नव्या प्लेटलेट पुरेशा तयार होईपर्यंत आठवडाभर तिचा परिणाम राहतो.

दुसऱ्या जातीच्या गोळ्या प्रथिनांचे जाळे विणू देत नाहीत. वॉरफॅरिन आणि ॲसिनोकुमारॉल या त्यांतील जुन्या. ही प्रथिने तयार करायला यकृताला के जीवनसत्त्व लागते आणि या गोळ्या त्याच्या कामात आडव्या येतात. वॉरफॅरिनचा परिणाम ओसरायला साधारण पाच दिवस लागतात. ॲसिनोकुमारॉलचा त्याहून लवकर ओसरतो. अलीकडे याच जातीत डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन अशा नव्या गोळ्या आल्या आहेत. त्यांचा परिणाम दोन-तीन दिवसांत जातो. मात्र यांतील डॅबिगाट्रान बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते. खड्यामुळे किडनीचेच काम मंदावले असेल तर ती शरीरात जास्त दिवस रेंगाळते. म्हणून एकाला दोन दिवस सांगितले म्हणून दुसऱ्यालाही दोनच दिवस पुरतील असे नाही.

उंदराचे औषध?

वॉरफॅरिनविषयी एक गोष्ट वस्तीवर कधीतरी कानावर येतेच. कोणीतरी सांगते, "ही तर उंदीर मारायची गोळी." मग रुग्ण घाबरून ती फेकून देतो. यात खरे किती ते सांगतो.

1920 च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील गुरे अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंग कापले, किरकोळ जखम झाली, तरी रक्त थांबेना. बुरशी लागलेला ओला चारा खाल्ल्याने हे होते असे दिसून आले. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी मेलेली कालवड, खराब चारा आणि कॅनभर न गोठलेले रक्त घेऊन तेथील विद्यापीठात पोहोचला. कार्ल पॉल लिंक या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून त्या चाऱ्यातील घटक शोधून काढला. त्यातून पुढे वॉरफॅरिन तयार झाले. 1948 मध्ये ते खरोखरच उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि 1954 मध्ये माणसांसाठी औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही ते देण्यात आले.

म्हणजे औषध एकच, फरक मात्रेचा. योग्य मात्रेत ते गाठ होऊ देत नाही आणि जीव वाचवते. मात्रा वाढली तर तेच रक्त थांबू देत नाही. म्हणून या गोळीबरोबर आयएनआर नावाची रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा हा आकडा 1 च्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्याचा तो बहुधा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात, आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर त्याहून थोडा वर. किडनीचे मोठे ऑपरेशन करण्यापूर्वी मात्र तो साधारण 1.5 च्या खाली आलेला असावा, असे डॉक्टर पाहतात.

तरुण बाईला ही गोळी का?

शहरात ही गोळी म्हाताऱ्या माणसांच्या डब्यात दिसते. वस्तीवर ती तिशीतल्या बाईच्या पदराच्या गाठीलाही बांधलेली सापडते. त्याचे कारण बहुतेक वेळा लहानपणीच्या घसादुखीत असते. एका जातीच्या जंतूमुळे मुलांचा घसा येतो. त्यावर वेळीच औषध मिळाले नाही तर काहींना सांधे सुजून ताप येतो आणि तोच विकार हृदयाच्या झडपांना कायमचा धरतो. याला संधिवाताचा ताप म्हणतात. दाटीवाटीची घरे, अपुरे अन्न आणि लांबचा दवाखाना असेल तिथे हा आजार टिकून राहतो. सांधे वाचतात, झडप खराब होते. मग वीस-पंचवीस वर्षांनी धाप लागू लागते आणि झडप बदलण्याची वेळ येते.

बसवलेली झडप धातूची असेल तर तिच्यावर रक्ताची गाठ धरण्याचा धोका जन्मभर राहतो. म्हणून गोळीही जन्मभर. आपल्या देशात तयार झालेली अशी एक झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवली आणि 1990 साली ती पहिल्यांदा रुग्णाला बसवण्यात आली. त्यामुळे गरिबाला झडप मिळणे सोपे झाले. पण झडप एकदा बसली तरी तिची राखण रोज करावी लागते.

अशी बाई मूतखड्याच्या कळेने तळमळत असते, तेव्हा तिच्यापुढे दोन धोके उभे असतात. गोळी चालू ठेवून ऑपरेशन केले तर किडनीतून रक्त जाईल. गोळी मनानेच बंद करून बसली तर झडपेवर गाठ धरेल, झडप अडकेल किंवा गाठीचा तुकडा मेंदूत जाऊन अर्धांगवायू होईल. नवा स्टेंट बसवलेल्याचेही तसेच. पहिल्या काही महिन्यांत गोळ्या सोडल्या तर स्टेंट तुंबून पुन्हा झटका येऊ शकतो.

डॉक्टर वाट कशी काढतात?

पहिला प्रश्न असा की ऑपरेशन आताच करणे गरजेचे आहे का. नुकताच स्टेंट बसला असेल आणि खडा थांबू शकत असेल, तर काही महिने थांबणे शहाणपणाचे ठरते. दरम्यान लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून लघवीच्या मार्गानेच आत एक बारीक नळी ठेवता येते. तिला डीजे स्टेंट म्हणतात. तिचा हृदयातल्या स्टेंटशी काही संबंध नाही. नाव सारखे असल्याने लोकांचा गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

दुसरा प्रश्न असा की कोणत्या पद्धतीने खडा काढायचा. बाहेरून धक्के देऊन खडा फोडण्याची पद्धत कापाकापीची नसल्यामुळे निर्धोक वाटते. पण गोळीचा परिणाम चालू असताना ती चालत नाही, कारण धक्क्यांनी किडनीच्या भोवती रक्त साचू शकते. पाठीतून करायच्या पीसीएनएललाही गोळीचा परिणाम उतरवावाच लागतो. लघवीच्या नैसर्गिक मार्गाने बारीक दुर्बीण वर नेऊन लेसरने खडा फोडण्याची तिसरी पद्धत आहे. तिच्यात किडनीला भोक पाडावे लागत नाही. ज्यांची गोळी थांबवणे धोक्याचे आहे, अशांसाठी ही वाट त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. खडा फार मोठा असेल तर तिला एकाहून अधिक वेळा लागू शकतात.

तिसरा प्रश्न असा की गोळी थांबवायची तर किती दिवस, आणि मधल्या दिवसांत काय. पुष्कळदा ॲस्पिरिन चालू ठेवून क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस थांबवतात. वॉरफॅरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात. धातूची झडप असलेल्या रुग्णाला या मधल्या दिवसांत हेपॅरिनची इंजेक्शने देतात. त्यांचा परिणाम थोड्या तासांचा असतो, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळेपुरती ती थांबवता येतात.

प्रत्येकालाच ही इंजेक्शने लागतात असे मात्र नाही. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या दिवसांत इंजेक्शन दिल्याने त्यांच्यात गाठी होण्याचे प्रमाण कमी झाले नाही, उलट रक्तस्राव वाढला. पण धातूच्या झडपेचे रुग्ण त्या अभ्यासात नव्हते. म्हणून शेजारच्याला इंजेक्शने दिली आणि आपल्याला दिली नाहीत, यावरून डॉक्टरांवर संशय घेऊ नये.

आणि एक गोष्ट थांबत नाही. खडा अडकून किडनी तुंबली असेल आणि थंडी वाजून ताप आला असेल, तर ती तातडीची वेळ आहे. अशा वेळी गोळीचा परिणाम उतरण्याची वाट घरी पाहत बसू नये. के जीवनसत्त्व, प्लाझ्मा अशा उपायांनी परिणाम उतरवण्याची किंवा गोळी चालू असतानाही नळी टाकण्याची सोय दवाखान्यात असते. फक्त रुग्ण कोणती गोळी घेतो आणि शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना कळले पाहिजे.

एका भगिनीची हकीकत

आमच्या एका पारधी वस्तीवरची ही भगिनी, वय पस्तिशीच्या आत. चार वर्षांपूर्वी तिची झडप बदलली होती. गळितात ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. पाठीत कळा येऊ लागल्या, सोनोग्राफीत मोठा खडा दिसला आणि ऑपरेशनची तारीख मिळाली. कोणत्या गोळ्या चालू आहेत असे विचारल्यावर तिने सांगितले, "एक बारकी गोळी हाये, दमाची." झडपेच्या आधी तिला धाप लागायची. त्यावरची गोळी म्हणजे दमाची गोळी, असा तिचा सरळ हिशेब होता. जुनी फाइल मागच्या पावसात झोपडीत भिजून गेली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे रक्त तपासले तेव्हा आयएनआर 3 च्या वर निघाला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छातीवरची उभी खूण पाहिली, गोळीचे पाकीट आणायला लावले आणि ऑपरेशन पुढे ढकलले. भाड्याचे पैसे गेले, नवऱ्याचा रोज बुडाला. वस्तीवर परतल्यावर कोणी म्हणाले, "गोळीमुळेच हे झाले, बंदच करून टाक." ती बंद करण्याच्या बेतात होती. आमच्या कार्यकर्त्या भगिनीने तिच्याजवळ बसून, झडप कशी चालते आणि गाठ कशी धरते, हे जमिनीवर काडीने काढून दाखवले. तेव्हा कुठे तिने गोळी चालू ठेवली.

पुढच्या खेपेला तिला सहा दिवस आधी दाखल केले. गोळी थांबवली, इंजेक्शने सुरू झाली, आकडा उतरल्यावर ऑपरेशन झाले. दोन दिवस लघवी तांबूस होती, मग स्वच्छ झाली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी पुन्हा चालू झाली. तिच्याकडे पाहून मला राहून राहून वाटते की तिला सर्वांत मोठा धोका सुईचाही नव्हता आणि गोळीचाही नव्हता. आपण काय घेतो हे तिला कोणी तिच्या भाषेत सांगितलेलेच नव्हते, हा होता.

ऑपरेशननंतरचे दिवस

किडनीच्या ऑपरेशननंतर पहिले काही दिवस लघवी फिकट लाल असणे स्वाभाविक आहे. पण रक्तस्राव कधी कधी उशिराही होतो. आतील एखादी जखमी रक्तवाहिनी आठ-पंधरा दिवसांनी फुटू शकते, आणि रुग्ण तेव्हा घरी आलेला असतो. नेमक्या याच सुमाराला रक्त पातळ करणारी गोळीही पुन्हा सुरू झालेली असते. म्हणून या खुणा घरातल्या सर्वांना ठाऊक हव्यात: लघवी गडद लाल होणे, तिच्यातून रक्ताच्या गाठी पडणे, लघवी तुंबणे, चक्कर येऊन घाम फुटणे, कुशीत सूज येऊन दुखणे, थंडी वाजून ताप येणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात जावे. अशा थोड्या रुग्णांत जांघेतून बारीक नळी घालून रक्तवाहिनी आतून बंद करता येते आणि किडनी वाचते. पण त्यासाठी वेळेत पोहोचावे लागते.

डॉक्टर सांगतील तेवढे दिवस जड काम करायचे नाही. ऊसतोडीतील माणसाला हे पाळणे सर्वांत कठीण जाते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायला कोयता हातात घ्यावाच लागतो. वर सांगितलेल्या भगिनीच्या घरी त्या काळात आपल्या निधीतून धान्य दिले, म्हणून ती घरी थांबू शकली. औषधोपचारातले ते धान्य कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते.

अंगदुखीची गोळी दुकानातून मनाने घेऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या रक्तस्राव वाढवतात आणि किडनीलाही बाधतात. लघवीच्या जंतुसंसर्गावर देतात त्यांतील काही औषधांनी वॉरफॅरिनचा जोर वाढतो, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने तो उतरतो. झाडपाल्याचा काढा चालू असेल तर तोही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्याने मेथी, पालक, शेपू अशा पालेभाज्या सोडण्याची गरज नाही, पण महिनाभर नाही आणि मग रोज, असे करू नये. त्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि आयएनआर वरखाली होतो. गोळी घेणाऱ्या बाईला दिवस गेल्याची शंका आली तर लगेच सांगावे, कारण वॉरफॅरिन पोटातील बाळाला बाधू शकते.

आपण काय करू शकतो?

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले, तेव्हा शल्यविशारदापुढे रक्त थांबवायचे कसे, हा प्रश्न असे. आज रक्त कधी गोठू द्यायचे आणि कधी नाही, हे दिवस मोजून ठरवता येते. विद्या तेवढी पुढे गेली आहे. पण म्हसवडच्या बाजूच्या वस्तीवरून मिरज किंवा सातारा गाठायचे तर आजही अख्खा दिवस मोडतो, आणि तिथे पोहोचल्यावर काय सांगायचे हे माहीत नसते. हे अंतर कमी करणे आपल्या हातात आहे.

एक, गोळीची ओळख. वस्तीवर जो कोणी रक्ताची गोळी घेतो, त्याच्या गळ्यात किंवा पाकिटात प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले एक कार्ड असावे. त्यावर गोळीचे नाव, मात्रा, ती का चालू आहे आणि शेवटचा आयएनआर किती, एवढे चार शब्द पुरेत. आपल्या मंडळीतील तरुणांना हे काम एका रविवारी दुपारी करता येईल.

दोन, सोबत. ऑपरेशन ठरले की आठ-दहा दिवस आधी रुग्णाला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेऊन गोळीविषयी लेखी सूचना घ्यावी आणि ती किडनीच्या डॉक्टरांच्या हातात द्यावी. कोणत्या तारखेला थांबवायची आणि कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची, दोन्ही लिहून घ्यावे. थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायला विसरणे हे रक्तस्रावाइतकेच घातक ठरू शकते.

तीन, खर्च. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हृदयाची आणि किडनीची अनेक ऑपरेशने मोफत होतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्यालाच आधी भेटावे. पण एरवी वरचेवर करायच्या आयएनआर तपासण्या, एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज यांचा भार घरावरच पडतो. आपली वर्गणी तिथे उपयोगी पडते.

चार, रक्तदान. असे ऑपरेशन ठरते तेव्हा रक्ताची सोय आधी करून ठेवावी लागते. वस्तीवरच्या माणसाकडे रक्त देणारे नातलग असतातच असे नाही. अठरा वर्षांवरील निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते.

पाच, घसादुखी. मुलाचा घसा दुखून ताप आला, आणि विशेषतः नंतर सांधे सुजले, तर त्याला दवाखान्यात न्यावे. संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते चुकू न दिल्यास पुढे झडप बदलण्याची आणि जन्मभर गोळी घेण्याची वेळ टळू शकते.

आणि उन्हात राबणाऱ्या प्रत्येकाला पाणी. लघवी पाण्यासारखी स्वच्छ होईल इतके पाणी प्यायला हवे. आपल्या भागात हे सांगणे सोपे आणि मिळवणे कठीण, हे मी जाणतो. म्हणून वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी आपण दिलेला रुपयाही मूतखड्यावरचाच इलाज आहे.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेपर्यंत नेले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि परत येण्याचे कबूल केले, तो भाग मात्र चटकन लक्षात राहत नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या रुग्णाला आपली गरज त्या दुसऱ्या दिवसापासून लागते.

येत्या गळितापूर्वी म्हसवड आणि आटपाडी परिसरातील वस्त्यांवर अशा गोळ्या घेणाऱ्यांची यादी आणि कार्डे पूर्ण करण्याचा आमचा मानस आहे. या कामासाठी प्रार्थना करावी, आणि ज्यांना एक दिवस सोबत येता येईल त्यांनी आपल्या पाळकांमार्फत कळवावे.